महादरवाजा बंद, दिंडी दरवाजा उघडा

लोणावळ्याच्या बाजारपेठेत आमच्या साडूंचे किराणा व भुसार मालाचे दुकान दोन पिढ्यांपासून आहे. रस्त्यालगत दुकान, त्यामागे वखार आणि दुसऱ्या मजल्यावर राहते घर, अशी ती जुन्या पद्धतीची वास्तू. दुकानातून घरात जाण्यासाठी एक अरुंद, उभा लाकडी जिना आहे. साडूंनी आयुष्यात हा जिना किती वेळा चढला-उतरला असेल याची गणती नाही. परंतु दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सहा आठवडे जिन्याला पाय लावण्यास मनाई केली. गल्ल्यावर बसल्याशिवाय ज्यांचा दिवस उगवत नसे, त्यांना आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर वनवास घडला.

त्यांच्या चिरंजीवांनी यावर तोड काढली. दुकानातील संगणकावर टॅलीमध्ये सगळे हिशेब असतात. विंडोजमधील ‘रिमोट डेस्कटॉप’ ही सोय वापरून त्यांनी वरच्या लॅपटॉपवर खालच्या संगणकाचा पडदा आणून दिला. साडू पलंगावर बसून बिले पाहू लागले, उधारीची यादी तपासू लागले. खाली मुनीमजी आणि वर शेठ, असा कारभार बारा-तेरा दिवस सुरळीत चालला.

सतरा जुलै रोजी इंटरनेट पुरवणाऱ्याचा माणूस येऊन जुना राउटर बदलून गेला. अठरा तारखेला सकाळी लॅपटॉप उघडला, तर दुकानाचा संगणक दिसेना. ‘संपर्क होऊ शकत नाही’ एवढाच निरोप पुनःपुन्हा येत राहिला. जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख वीस. चिरंजीव हळदीच्या खरेदीसाठी सांगलीला गेलेले आणि त्यांचा फोन धड लागत नव्हता.

येथवरची गोष्ट कोणत्याही व्यापारी घरात घडू शकेल अशी आहे. पुढे जे घडले, तेही कोणत्याही घरात घडू शकते, आणि म्हणूनच हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

‘माऊस मी हलवत नाही, तरी बाण हलतोय’

साडूंनी मोबाईलवर शोध घेऊन संगणक-मदतीचा एक क्रमांक मिळवला. पलीकडचा गृहस्थ अत्यंत अदबीने बोलला. ‘तुमची फायरवॉल अडवते आहे, ती बंद करा, बाकी मी पाहतो,’ असे त्याने सांगितले. साडूंनी त्याची गाठ खाली मुनीमजींशी घालून दिली. मुनीमजींनी सांगितल्याबरहुकूम फायरवॉल बंद केली, एक ॲप उतरवून घेतले आणि त्यावर दिसणारा नऊ आकडी क्रमांक वाचून दाखवला. त्यानंतर ‘नोंदणीचे फक्त दहा रुपये’ भरण्यासाठी बँकेचे संकेतस्थळ उघडण्यास सांगण्यात आले.

मुनीमजी सत्तरीचे. संगणकाचे ज्ञान बेताचे, परंतु दुकानाची निष्ठा पक्की. त्यांनी हात मागे घेतला असताही पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार न करता भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला आणि जिन्यातून वर हाक दिली, ‘शेठ, माऊस मी हलवत नाही, तरी बाण हलतोय. मी लाइट पाडली.’

त्या दिवशी दुकान वाचले ते या एका वाक्याने.

संध्याकाळी साडूंचा मला फोन आला. ‘साहेब, तुम्ही बँकवाले. उद्या सकाळच्या लोकलने येऊन जा.’ मी तळेगावात राहतो. येण्यापूर्वी फोनवरच तीन कामे करवून घेतली: खात्याच्या बँकेला ताबडतोब कळवणे, नेटबँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक उपकरणावरून बदलणे आणि दुकानाचा संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवणे. खात्यातून एक पैसाही गेलेला नव्हता. पण चार-पाच मिनिटांचा उशीर झाला असता तर काय झाले असते, हे बँकेत हयात घालवलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

पहारेकरी नेमका काय करतो?

लोकल मळवली स्थानकावर थांबते तेव्हा खिडकीतून लोहगड दिसतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना स्थान मिळाले, त्यांत हा एक आहे. गडावर जाणाऱ्या नागमोडी वाटेवर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. एक दरवाजा ओलांडला की पुढच्या दरवाजाचा पहारा समोर उभा. त्या सकाळी गडाकडे पाहताना वाटले, संगणकाची फायरवॉल समजावून सांगण्यास याहून सोपा दाखला शोधूनही सापडणार नाही.

जाळ्याशी जोडलेल्या प्रत्येक संगणकाला ६५ हजारांहून अधिक क्रमांकांकित दारे असतात. तांत्रिक भाषेत त्यांना पोर्ट म्हणतात. संकेतस्थळांची सुरक्षित ये-जा ४४३ क्रमांकाच्या दारातून चालते, तर रिमोट डेस्कटॉपचे दार ३३८९ क्रमांकाचे. फायरवॉल म्हणजे या दारांवरचा पहारेकरी. त्याची पद्धत साधी आहे. आतून बाहेर जाणाऱ्यास तो सहसा हटकत नाही आणि त्याने मागवलेले उत्तर परत येताना अडवत नाही. बाहेरून आपण होऊन आत येऊ पाहणाऱ्यास मात्र त्याच्या नावाचा लेखी परवाना असल्याखेरीज तो दार उघडत नाही.

हा पहारेकरी विंडोजमध्ये पूर्वीपासून होता, पण तो झोपलेला असे. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या उपद्रवी प्रणालीने उघड्या दारांतून शिरून जगभरचे असंख्य संगणक बेजार केले. त्यानंतर ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल मुळातच चालू ठेवून देण्याची प्रथा पडली. ती सुरू झाली ती अनेकांचे नुकसान झाल्यानंतर, हे विसरता कामा नये.

म्हणून आपला संपर्क अडला की पहिली भावना ‘हा पहारेकरी आडमुठा आहे’ अशी नसावी. तो त्याचे काम करतो आहे. त्याच्याजवळ आपल्या नावाचा परवाना का नाही, एवढेच आपण शोधावयाचे असते. जुन्या किल्ल्यांच्या मोठ्या दरवाजातच एक लहान दार असते, माणूस वाकून आत येईल एवढे. त्याला दिंडी दरवाजा म्हणतात. ओळखीचा एक माणूस आत घ्यायचा असेल तर दिंडी दरवाजा उघडतात. त्यासाठी कोणी महादरवाजा सताड उघडा टाकत नाही, आणि पहारेकऱ्याला सुटी तर मुळीच देत नाही.

शोध कोणत्या क्रमाने घ्यावा?

दुकानात पोहोचल्यावर ओळखीच्या तंत्रज्ञाकडून प्रथम ते ॲप काढून टाकवले, संगणकाची पूर्ण तपासणी करवली आणि फायरवॉल पुन्हा चालू केली. नंतर मूळ बिघाडाकडे वळलो. बँकेत ताळा जमला नाही की आम्ही एकदम सगळी पुस्तके विस्कटत नसू. एकेक नोंद टिकमार्क करत पुढे जात असू. येथेही तीच रीत उपयोगी पडते.

पहिला प्रश्न: संगणक जागा आहे काय? लोणावळ्यात पावसाळ्यात वीज जाते-येते. वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होईलच असे नाही, आणि काही वेळ काम नसले की तो निद्रावस्थेत जातो. झोपलेला संगणक आणि अडवणारी फायरवॉल यांची लक्षणे दुरून सारखीच दिसतात. आमचा संगणक जागा होता.

दुसरा प्रश्न: सोय चालू आहे काय? विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीवर बाहेरच्यास रिमोट डेस्कटॉपने आत घेण्याची सोय नसते. ‘प्रो’ आवृत्तीत ती असते व ती मुद्दाम चालू करावी लागते. शिवाय ज्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नाही, त्या खात्यातून दुरून प्रवेश करू दिला जात नाही. अनेक दुकानांत सोयीसाठी पासवर्ड ठेवत नाहीत आणि मग दोष फायरवॉलला देतात. आमच्याकडे हेही ठीक होते.

तिसरा प्रश्न: पत्ता बरोबर आहे काय? येथे पहिली चूक सापडली. राउटर हा घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटून देतो. राउटर बदलला, तसा दुकानाच्या संगणकाचा पत्ताही बदलला होता. लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत होता. नवा पत्ता घातला. आणि हा पत्ता पुन्हा बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो त्या संगणकासाठी राखून ठेवला.

तरीही संपर्क झाला नाही. मग चौथा प्रश्न: दार वाजवल्यावर उत्तर काय येते? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पासवर्ड चुकल्याचा निरोप आला, तर आपण दारातून आत पोहोचलो आहोत. फायरवॉलला हात लावण्याचे कारण नाही. संपर्क तत्काळ नाकारला गेला, तर बहुधा दारापर्यंत पोहोचलो पण आत ऐकणारा कोणी नाही. आणि संगणक जागा असून, सोय चालू असून, पत्ता बरोबर असूनही बराच वेळ केवळ शांतता राहिली, तर वाटेत पहारेकरी उभा आहे असे समजावे. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा पत्ता व पोर्ट क्रमांकासह दिली की दार उघडे की बंद, याचे उत्तर ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ असे एका शब्दात मिळते. नुसत्या ‘पिंग’वर विसंबू नये, पिंगला उत्तर न देणारा संगणकही दार उघडे ठेवून बसलेला असू शकतो. आमच्याकडे उत्तर आले ‘फॉल्स’, आणि तेही शांततेनंतर.

पाचवा प्रश्न: पहारेकऱ्याच्या मते आपण कोठे आहोत? विंडोज प्रत्येक जाळ्याला ‘खाजगी’ किंवा ‘सार्वजनिक’ असे नाव देते. घर-दुकानाचे जाळे खाजगी. रेल्वे स्थानक, हॉटेल, धर्मशाळा यांचे सार्वजनिक. सार्वजनिक जागी पहारा अधिक कडक असतो, आणि तो असलाच पाहिजे. नवा राउटर आला म्हणजे विंडोजच्या दृष्टीने नवे गाव आले. त्याने या अनोळखी गावाला ‘सार्वजनिक’ मानले. चिरंजीवांनी रिमोट डेस्कटॉपचा परवाना शहाणपणाने केवळ खाजगी जाळ्यापुरता दिला होता. त्यामुळे पहारेकऱ्याने नियमानुसार दार बंद ठेवले. सेटिंग्जमध्ये जाऊन जाळे ‘खाजगी’ केले. पुन्हा परीक्षा घेतली. ‘ट्रू’. वरच्या मजल्यावर साडूंच्या लॅपटॉपवर पासवर्ड विचारणारी चौकट उमटली.

या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटे लागली. फायरवॉल एक क्षणही बंद करावी लागली नाही.

आणखी दोन गोष्टी नोंदवून ठेवतो. काही अँटिव्हायरस संचांबरोबर त्यांची स्वतःची फायरवॉल येते. ती कारभार हाती घेते, आणि मग विंडोजच्या फायरवॉलमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग होत नाही; परवाना त्या नव्या पहारेकऱ्याकडेच नोंदवावा लागतो. दुसरे असे की, विंडोजच्या फायरवॉलला अडवलेल्या संपर्कांची नोंद ठेवण्यास सांगता येते. एरवी ही नोंद बंद असते. ती चालू केली की कोण, कोठून, कोणत्या दाराशी आले आणि परत पाठवले गेले, हे बँकेच्या आवक-जावक पुस्तकासारखे ओळीने वाचता येते. तर्क लढवण्यापेक्षा नोंद वाचणे केव्हाही चांगले.

घराबाहेर पडल्यावर

ऑगस्टमध्ये साडू व्यायामोपचारांसाठी पुण्यास कन्येकडे राहावयास गेले, आणि नवीनच प्रश्न उभा राहिला. घरातल्या घरात एकच दरवाजा होता. आता गडाचे चारही दरवाजे मध्ये आले.

दुकानाच्या संगणकाचा पत्ता हा घरापुरता असतो. बाहेरच्या जगाला तो ठाऊक नसतो. बाहेरून फक्त राउटर दिसतो. आणि अनेक ठिकाणी, विशेषतः मोबाईल जाळ्यावरच्या इंटरनेटमध्ये, राउटरलाही स्वतःचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. शेकडो ग्राहक एकाच पत्त्याआड असतात. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि इंटरनेटवर ‘माझा पत्ता कोणता’ असे विचारल्यावर मिळणारा पत्ता भिन्न असेल, तर आपण अशा सामायिक पत्त्याआड आहोत असे बहुधा समजावे. तेथे दुकानाची फायरवॉल बंद करूनही बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. घर मात्र उघडे पडते. किती जण हीच चूक करतात!

तंत्रज्ञाने एक सोपा मार्ग सुचवला. राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचे दार थेट दुकानाच्या संगणकाकडे वळवायचे आणि कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्यायचा. मी नम्रपणे नकार दिला. रायगडच्या हिरकणीची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. सायंकाळी दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्यांनी नियम मोडला नाही, आणि तान्ह्या बाळासाठी ती माउली कडा उतरून गेली. कथेत महाराजांनी पहारेकऱ्यांना दोष दिला नाही. तिचा गौरव केला, आणि ती जेथून उतरली तेथे बुरूज बांधला. कारण जेथून आई उतरू शकते तेथून शत्रू चढू शकतो. इंटरनेटवर थेट उघडे ठेवलेले रिमोट डेस्कटॉपचे दार हा असाच बुरूज नसलेला कडा आहे. अशी दारे शोधत फिरणाऱ्या आणि रात्रंदिवस पासवर्डचे अंदाज लावणाऱ्या स्वयंचलित प्रणाली जगभर अखंड चालू असतात. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपच्या रचनेतच एक गंभीर दोष उघड झाला होता. तो इतका धोक्याचा होता की, ज्या विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने कधीच थांबवली होती, तिच्यासाठीही दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली.

मग योग्य मार्ग कोणता? दोन आहेत. पहिला व्हीपीएनचा. खंडाळ्याच्या घाटातून रेल्वे १८६३ पासून बोगद्यांतून धावते. डोंगर तसाच राहतो, मार्ग तेवढा आतून जातो. व्हीपीएन हा असाच कुलूपबंद बोगदा. पुण्यातला लॅपटॉप त्यातून दुकानाच्या जाळ्यात येतो आणि मगच रिमोट डेस्कटॉपचे दार वाजवतो. दार बाहेरच्या जगाला दिसतच नाही. दुसरा मार्ग मध्यस्थ सेवेचा. यात दुकानाचा संगणक स्वतः बाहेर पडून मध्यस्थाशी संपर्क ठेवतो, म्हणून फायरवॉलमध्ये आत येण्याचा नवा परवाना द्यावा लागत नाही. सामायिक पत्त्याआडही ही सेवा चालते. मात्र तिचा पासवर्ड स्वतंत्र व मजबूत हवा, आणि मोबाईलवर येणारी दुसरी खूण तपासूनच प्रवेश मिळावा अशी व्यवस्था हवी. साडूंसाठी आम्ही व्हीपीएन निवडले, आणि फायरवॉलच्या नियमात एक ओळ वाढवली: रिमोट डेस्कटॉपचे दार फक्त साडूंच्या लॅपटॉपच्या पत्त्यालाच उघडावे. हाच तो दिंडी दरवाजा.

न्हावाशेव्याचा धडा

‘आमचे लहानसे दुकान; आमच्या संगणकात कोणाला काय मिळणार?’ असे अनेक बंधू विचारतात. त्यांच्यासाठी आपल्या जवळचेच उदाहरण देतो. मावळातून जाणाऱ्या महामार्गावर रात्रंदिवस जे कंटेनर धावतात, त्यांतील पुष्कळसे न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून येतात किंवा तिकडे जातात. २७ जून २०१७ रोजी या बंदरातील एका टर्मिनलचे काम संगणक ठप्प झाल्याने थांबले. ते टर्मिनल मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहातील होते, आणि त्या समूहाचे जगभरचे संगणक त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ नावाच्या विध्वंसक प्रणालीने निकामी केले होते.

आपण व्यापाऱ्यांनी लक्षात घ्यावे असे यात दोन मुद्दे आहेत. ही प्रणाली पसरली ती युक्रेनमधील एका हिशेबाच्या व करभरणीच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून. म्हणजे जी वस्तू आपण सर्वांत विश्वासाची मानतो, तिच्याच आडून शत्रू आत आला. आणि एकदा आत आल्यावर ती एका संगणकावरून दुसऱ्यावर, अंतर्गत जाळ्यातील उघड्या दारांतून पसरत गेली. युक्रेनचा वाद, फटका न्हावाशेव्याला! म्हणून ‘घरातल्या घरात फायरवॉल कशाला’ हा विचार चुकीचा आहे. वेशीवरचा पहारा जितका आवश्यक, तितकेच घरातल्या प्रत्येक खोलीचे दारही.

मेर्स्कला दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. त्यांच्या जाळ्याची मूळ नोंदवही सर्वत्र नष्ट झाली होती. ती केवळ एका ठिकाणी शिल्लक राहिली. आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयात त्या वेळी वीज गेलेली असल्याने तेथील सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. मुनीमजींनी स्विच पाडल्याचे ऐकले तेव्हा मला प्रथम हीच घटना आठवली. वीज जाण्याला आपण नेहमी नावे ठेवतो. कधीकधी तीच वाचवते. परंतु दैवावर हवाला ठेवून व्यापार चालत नाही. जाळ्यापासून तोडून ठेवलेली हिशेबाची एक प्रत प्रत्येक दुकानात असलीच पाहिजे.

बँकवाल्याचे दोन शब्द

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एक सावधगिरीची सूचना दिली होती. ‘एनीडेस्क’ हे दुरून संगणक वा मोबाईल चालवण्याचे ॲप ग्राहकास उतरवण्यास सांगून, त्यावरील नऊ आकडी क्रमांक विचारून घेऊन खात्यातील रक्कम लुबाडली जाते, असे तिच्यात म्हटले होते. मुनीमजींना विचारला गेलाही नऊ आकडी क्रमांकच. ही ॲप्स स्वतः वाईट नाहीत. अनेक कार्यालये ती रोज वापरतात. किल्ली वाईट नसते, ती कोणाच्या हाती दिली हे महत्त्वाचे. आपण स्वतः बोलावलेला ओळखीचा माणूस निराळा, आणि इंटरनेटवर सापडलेल्या क्रमांकावरचा अदबशीर आवाज निराळा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच पासवर्डसारखी गुप्त माहिती दुसऱ्यास दिल्याने नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागते. कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर येते. म्हणून कळवण्यात एक मिनिटही दवडू नये. बँकेबरोबरच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लाजेपोटी गप्प बसणारे अनेक खातेदार मी नोकरीत पाहिले आहेत. चोराला सर्वांत जास्त मदत त्यांच्या लाजेने केली.

बँकेची तिजोरी कधी एका किल्लीने उघडत नाही. दोन अधिकाऱ्यांकडे दोन किल्ल्या असतात. यात कोणावर अविश्वास नसतो. चुकीला थांबवणारा दुसरा माणूस असावा एवढाच हेतू असतो. आपल्या दुकानातही हा नियम लावता येतो. फायरवॉल, राउटर किंवा दूरप्रवेश यांत कोणताही बदल घरातील दोन माणसांना ठाऊक असल्याशिवाय होऊ नये. कोणता बदल, कोणी, कोणत्या तारखेस केला, हे एका वहीत लिहावे. काम संपले की दिलेला परवाना काढून घ्यावा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा.

शेवटी

साडूंचे विवरणपत्र एकोणीस तारखेच्या रात्री वरच्या मजल्यावरील लॅपटॉपवरून भरले गेले. दंड नाही, विलंब नाही. अनोळखी माणूस एकदा आत येऊन गेलेला संगणक पूर्णपणे विश्वासाचा राहत नाही, म्हणून पुढच्या रविवारी विंडोज नव्याने बसवून घेतली आणि हिशेब जपून ठेवलेल्या प्रतीवरून परत आणले. चिरंजीव सांगलीहून परतले तेव्हा त्यांनी सारे तपासले आणि मला म्हणाले, ‘मासाजी, बिघाड केवढासा होता! एका शब्दाचा फरक, सार्वजनिक आणि खाजगी.’ मी म्हणालो, ‘बिघाड केवढासा होता हे खरे. पण तो दुरुस्त करायला जो माणूस बोलावला, तो केवढा होता!’

साडू काही बोलले नाहीत. सप्टेंबरमध्ये पुण्याहून परतल्यावर, काठी टेकत का होईना, ते प्रथमच जिना उतरले आणि दुकानात आले. गल्ल्यामागच्या भिंतीवर आता वहीच्या कागदावर मुनीमजींच्या वळणदार अक्षरात एक ओळ चिकटवलेली आहे: ‘फोनवर कोणी काहीही सांगितले तरी आधी शेठना किंवा धाकट्या शेठना विचारणे.’ तिच्याखाली साडूंनी स्वतःच्या हाताने भर घातली आहे: ‘आणि शेठनी सांगितले तरी धाकट्या शेठना विचारणे.’